ॲव्रो विमानाची दीर्घ सेवा

विमान हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें बहुधा शत्रूवर झेप घालणारें लढाऊ विमान उभें राहतें, नाहीं तर उतारूंनीं भरलेलें, दूरदेशीं जाणारें पांढरें शुभ्र विमान. सैन्याचें पोट ज्यांच्यावर चालतें तीं वाहतुकीचीं विमानें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहींत. धान्याचीं पोतीं, औषधांच्या पेट्या, तंबू, दारूगोळा, जखमी शिपाई, रजेवर निघालेले जवान, हीं सर्व ओझीं मुकाट्यानें वाहून नेणें हेंच त्यांचें काम. शर्यतींत पळणाऱ्या घोड्याचें कौतुक गांवभर होतें. पण सुगी घरीं येते ती बैलांच्या खांद्यावरून. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व सास्तूर या भागांत भूकंप होऊन हजारों माणसें दगावलीं. अशा प्रसंगीं अन्न, औषध व निवारा किती त्वरेनें येऊन पोंचतो यावर किती जीव अवलंबून असतात, हें आमच्या लातूरकडील वडील मंडळींस निराळें सांगावयास नको.

अशाच एका भारवाही विमानाची हकीकत या लेखांत सांगावयाची आहे. त्याचें नांव ‘ॲव्रो ७४८’. हें विमान जन्मानें इंग्रजी. पण अर्धशतकाहून अधिक काळ तें राबलें भारतांत. १९६१ सालीं कानपूर येथें जुळविलेलें पहिलें ॲव्रो आकाशांत उडालें, आणि २०२३ सालीं त्याच्या जागीं यावयाचें नवें विमान भारतांत दाखल झालें तेव्हांही कांहीं ॲव्रो विमानें कामावर होतींच. ज्याच्या पहिल्या उड्डाणाची वार्ता आजोबांनीं ऐकली तें विमान नातवानें चालवावें, इतका हा काळ मोठा आहे. एवढी दीर्घ सेवा ही निव्वळ भूषणाची गोष्ट आहे, कीं तींत कांहीं उणेंही दडलेलें आहे, याचा विचार आपण हकीकतीच्या ओघांत करूं.

ॲव्रोची गरज कां पडली हें समजण्यासाठीं त्याच्या आधींच्या ‘डाकोटा’ विमानाकडे वळलें पाहिजे. अमेरिकेंतील डग्लस कंपनीचें हें दोन इंजिनांचें विमान ता. १७ डिसेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालें, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेमुळें त्याची संख्या दहा हजारांच्या पलीकडे गेली. युद्ध संपतांच तीं स्वस्तांत मिळूं लागलीं व ठिकठिकाणीं नागरी विमानकंपन्या निघाल्या. आपला नांदेड-लातूरचा मुलूख त्या वेळीं हैदराबाद संस्थानांत होता. निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारींत १९४५ सालीं स्थापन झालेल्या ‘डेक्कन एअरवेज’ या कंपनीचीं डाकोटा विमानें हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून उडत. १९५३ सालीं देशांतील विमानकंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झालें तेव्हां ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली. म्हणजे आपल्या प्रांताची व विमानाची पहिली ओळख डाकोटानेंच करून दिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

सैन्यांत डाकोटाची खरी कसोटी ता. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं लागली. त्या दिवशीं सकाळीं दिल्लीहून निघालेल्या डाकोटांनीं लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांच्या शीख पलटणीच्या तुकड्या श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरविल्या, आणि शत्रूच्या हातीं जाऊं पाहणारें तें शहर वांचलें. वायुसेनेचीं विमानें अपुरीं पडलीं म्हणून नागरी कंपन्यांचीं डाकोटाही त्या कामीं जुंपलीं गेलीं. पुढें ता. २४ मे १९४८ रोजीं एअर कमोडोर मेहरसिंग यांनीं मेजर जनरल थिमय्या यांस बरोबर घेऊन, समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर असलेल्या लेहच्या नव्या धावपट्टीवर डाकोटा उतरविलें. हें साहस अलौकिक होतें. तथापि साहसानें यंत्राचें वय कमी होत नाहीं. डाकोटाच्या आंत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, त्याचा वेग ताशीं ३०० किलोमीटरच्या आसपास होता, आणि १९५५ च्या सुमारास त्याचीं इंजिनें व सांगाडा हीं दोन्ही जुनीं झालीं होतीं. जगांतील प्रत्येक देशापुढें त्या वेळीं एकच प्रश्न होता : डाकोटाची जागा कोण घेणार?

या प्रश्नाचें एक उत्तर इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं तयार झालें. तेथें ए. व्ही. रो नांवाच्या गृहस्थानें स्थापिलेली जुनी विमानकंपनी होती. त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें व आडनांव मिळूनच ‘ॲव्रो’ हें नांव झालें. दुसऱ्या महायुद्धांतील प्रसिद्ध लँकेस्टर बाँबफेकी विमान याच कंपनीचें. १९५७ सालीं ब्रिटिश सरकारनें जाहीर केलें कीं, यापुढें संरक्षणाचा भर वैमानिकांपेक्षां क्षेपणास्त्रांवर राहील. सैनिकी कामें आटणार हें ओळखून कंपनीनें एक लहानसें, मजबूत व नागरी उपयोगाचें विमान योजिलें. ता. २४ जून १९६० रोजीं वुडफर्ड येथील विमानतळावरून त्याचें पहिलें उड्डाण झालें. चाळीस ते पन्नास माणसें घेऊन ताशीं सुमारें ४५० किलोमीटर वेगानें जाणें, आखूड धावपट्टीवरून उडणें व लहान गांवच्या विमानतळावर थोड्या साहित्यानें दुरुस्त होणें, हे त्याचे गुण.

या विमानाच्या रचनेंतील एक तत्त्व विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९५४ सालीं ‘कॉमेट’ नांवाचीं दोन इंग्रजी जेट विमानें आकाशांतच फुटलीं. चौकशींत असें दिसून आलें कीं, हवेचा दाब पुनःपुन्हां वाढल्यानें व कमी झाल्यानें धातु थकला होता. पत्र्याची पट्टी वारंवार वांकवून सरळ केली तर ती शेवटीं तुटते, तोच हा प्रकार. या अनुभवावरून ॲव्रोच्या आराखडाकारांनीं असें ठरविलें कीं, विमानाचा सर्व भार कोणत्याही एका भागावर टाकूं नये. एक भाग तडकला तर शेजारच्या भागांनीं तो भार उचलावा व तडा तपासणींत दिसेपर्यंत विमान सुरक्षित राहावें. आपल्याकडील मोटेचा दोर अनेक पदरांचा असे. एक पदर तुटला तरी मोट विहिरींत पडत नसे, आणि तुटलेला पदर दिसतांच शहाणा शेतकरी दोर बदलीत असे. मात्र या योजनेची अर्धी किंमत तपासणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. दोर कितीही पदरांचा असला, तरी त्याकडे कोणी पाहिलेंच नाहीं तर तो एक दिवस तुटणारच.

ॲव्रोचीं दोन्ही इंजिनें रोल्स-रॉइस कंपनीचीं ‘डार्ट’ जातीचीं होतीं. तीं डाकोटाच्या इंजिनांहून निराळ्या तत्त्वावर चालत. डाकोटांत मोटारीप्रमाणें दट्टे वरखालीं होऊन पंखा फिरे. डार्टमध्यें हवा आंत ओढून दाबली जाते, तींत इंधन जळतें, आणि तप्त वायूचा झोत टर्बाइनच्या पात्यांवर आदळून दांडा फिरवितो. हा दांडा मिनिटास कित्येक हजार फेरे करतो. एवढ्या वेगानें पंखा फिरविला तर तो हवेंत नीट काम देणार नाहीं, म्हणून मध्यें दांतेरी चक्रें घालून वेग कमी करतात. दट्ट्यांचें वरखालीं होणें नसल्यामुळें अशा इंजिनांत हादरे कमी, झीज कमी, आणि वजनाच्या मानानें शक्ति अधिक. डार्टचा पहिला नमुना १९४६ सालीं चालला व पुढें सुमारें चाळीस वर्षें तें बनत राहिलें. ॲव्रोच्या दीर्घायुष्याचें एक कारण या साध्या व कणखर इंजिनांत आहे.

आतां आपण कानपूरकडे येऊं. भारतांत विमानें बांधण्याचा उद्योग कांहीं अगदींच नवा नव्हता. सोलापुरास जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं डिसेंबर १९४० मध्यें बंगळूर येथें ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ही कंपनी काढून त्याचा पाया घातला होता. परंतु वाहतुकीचें मोठें विमान देशांत बांधण्याचा उद्योग कोणी केला नव्हता. तो अंगावर घेणारा पुरुष म्हणजे एअर व्हाइस मार्शल हरजिंदरसिंग. लाहोरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकलेला हा तरुण १९३० च्या दशकाच्या आरंभीं साधा ‘हवाई सिपाही’ म्हणून वायुसेनेंत शिरला. शिकलेल्या मुलानें हातांत पाना घेऊन तेलांत माखणें हें त्या काळीं कमीपणाचें समजत. हरजिंदरसिंगांनीं तें मानलें नाहीं. इंजिनें उघडीत व जोडीत ते वर चढत गेले आणि वायुसेनेच्या यंत्रविभागाचे मुख्य अधिकारी झाले. विमान चालविणारा मोठा कीं तें दुरुस्त करणारा, या वादाला त्यांच्या चरित्रानें चांगलें उत्तर दिलें आहे.

१९५९ सालीं ॲव्रो कंपनीशीं करार झाला. म्हणजे विमानाचा नमुना इंग्लंडांतही अजून उडाला नव्हता, तोंच भारतानें तें बांधण्याचा निश्चय केला होता. कानपुरास वायुसेनेच्या तळावरील हँगरांत हा कारखाना सुरू झाला. विमान बांधावयाचें म्हणजे आधीं पोलादी चौकटी उभाराव्या लागतात. त्यांना ‘जिग’ म्हणतात. पंखांचे व धडाचे भाग या चौकटींत धरूनच जोडतात, कारण एका ठिकाणचा रेंसभर फरक दुसऱ्या टोंकास बोटभर होतो. मग हजारों रिव्हेट एकेक करून ठोकावयाचे, प्रत्येक जोड तपासावयाचा, आणि ज्यानें तपासला त्यानें त्याखालीं सही करावयाची. आरंभीं पुष्कळ भाग इंग्लंडहून तयार येत व येथें केवळ जुळविले जात. पुढें एकेक भाग येथेंच होऊं लागला. ता. १ नोव्हेंबर १९६१ रोजीं कानपूरचें पहिलें ॲव्रो उडालें. त्यास ‘सुब्रतो’ असें नांव देण्यांत आलें. वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी हे नोव्हेंबर १९६० मध्यें टोकियो येथें अकालीं वारले. त्यांचें हें स्मारक होय. १९६४ सालीं हा कारखाना ‘हिंदुस्थान एअरोनॉटिक्स’ या नव्या सरकारी कंपनींत सामील झाला.

येथवर कथा यशाची आहे. पण या विमानाबद्दल वादही कमी झाला नाहीं, आणि तो समजून घेतल्यावांचून इतिहास पुरा होत नाहीं. टीकाकारांचें म्हणणें असें कीं, ॲव्रो हें मूळचें नागरी विमान. त्याचा पंख खालच्या अंगास, दरवाजा बाजूस व जमिनीपासून उंच. मोटार किंवा तोफ त्यांत सरळ चढविणें कठीण. शिवाय हिमालयांतील उंच धावपट्ट्यांवर त्याची शक्ति अपुरी पडते.

यांतील दुसरा आक्षेप पदार्थविज्ञानाच्या साहाय्यानें सहज समजेल. पंख विमानास उचलतात ते हवेच्या जोरावर, आणि इंजिनही हवाच खातें. हवा विरळ झाली कीं दोघांचेंही बळ घटतें. लेहच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानानें सुमारें पाऊणपटच असते. उष्णतेचाही परिणाम तोच. दाब कायम असतां हवेची घनता तिच्या निरपेक्ष तपमानाच्या व्यस्त प्रमाणांत असते. १५ अंशांच्या हवेचें निरपेक्ष तपमान २८८, आणि नांदेडच्या वैशाखांतील ४३ अंशांचें ३१६. २८८ ला ३१६ नें भागिलें असतां ०.९१ येतात, म्हणजे घनता शेंकडा ९ नें कमी. त्याच विमानास त्याच ओझ्यासह पौषांत जेवढी धांव पुरते, तेवढी वैशाखांत पुरत नाहीं. उंची आणि ऊन एकत्र आलीं म्हणजे ओझें उतरविण्यावांचून गत्यंतर नसतें.

आक्षेप खोटे नव्हते. म्हणूनच उंच सीमेवरील अवजड कामासाठीं अमेरिकेचें पॅकेट, १९६१ पासून रशियाचें अँटोनोव्ह-१२ आणि १९८४ पासून अँटोनोव्ह-३२ हीं विमानें वायुसेनेनें बाहेरून घेतलीं. मग ॲव्रो बांधणें ही चूक होती काय? याचें उत्तर देतांना दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत : विमानानें काय वाहिलें, आणि विमान बांधण्यानें काय शिकविलें. कानपुरास एकंदर ८९ ॲव्रो बांधलीं गेलीं. त्यांपैकीं ७२ वायुसेनेस व १७ इंडियन एअरलाइन्सला मिळालीं. जगांत सर्व मिळून हीं विमानें सुमारें ३८० झालीं. म्हणजे जवळजवळ दर चार विमानांतील एक भारतीय हातांनीं घडलें. मैदानी प्रदेशांतील तळांमधील रोजची ने-आण, अधिकारी व मंत्री यांचे प्रवास, आणि मुख्यतः शिक्षण, या कामीं तीं वर्षानुवर्षें राबलीं. बंगळूरजवळील येलहंका येथें वाहतूक विमानांच्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांनीं दोन इंजिनांचें विमान हाताळण्याचे धडे ॲव्रोवर गिरविले. शांतपणें चालणारें, चुका पोटांत घालणारें विमान शिकाऊ माणसास गुरूसारखेंच असतें.

या विमानावर एक कठीण प्रयोगही झाला. आकाशांतून दूरच्या शत्रुविमानांचा माग काढतां यावा म्हणून ॲव्रोच्या पाठीवर मोठी तबकडी बसवून तींत रडार ठेवण्याची योजना संरक्षण संशोधन खात्यानें हातीं घेतली. ता. ११ जानेवारी १९९९ रोजीं तमिळनाडूंतील अरक्कोणमजवळ हें विमान कोसळलें व त्यांतील आठही शास्त्रज्ञ आणि वायुसेनेचे लोक मृत्यु पावले. तो प्रयोग तेथेंच थांबला, पण विद्या थांबली नाहीं. पुढें त्याच विषयावर काम चालू राहून ‘नेत्र’ नांवाचें टेहळणी विमान २०१७ सालीं वायुसेनेस मिळालें. ज्ञानाच्या मार्गावर किती मोल द्यावें लागतें, आणि तें देणाऱ्यांचीं नांवें किती थोड्यांस ठाऊक असतात, हें या प्रसंगावरून ध्यानांत येतें.

एखादें विमान साठ वर्षें चालतें तें कसें? विमानाचें वय केवळ वर्षांनीं मोजीत नाहींत. तें किती तास उडालें व किती वेळां चढलें-उतरलें यावर त्याची झीज ठरते. ठराविक तास भरले कीं त्याची तपासणी, आणि आणखी भरले कीं कारखान्यांत नेऊन सांगाडा उघडणें, गंज खरवडणें, थकलेले भाग बदलणें, असा क्रम असतो. या देखभालीची व्यवस्था पाहणाऱ्या वायुसेनेच्या विभागाचें मुख्य ठाणें आपल्या नागपुरास आहे. अर्थात् दीर्घ सेवेचें श्रेय जेवढें आराखडा करणाऱ्यास, तेवढेंच दिव्याच्या उजेडांत तडे शोधणाऱ्या निनांवी कारागिरासही आहे.

पण या दीर्घ सेवेंत उणीव होती तीही येथेंच. इंग्लंडांत व भारतांत १९८० च्या दशकांत ॲव्रोचें उत्पादन थांबलें, डार्ट इंजिनेंही बनेनाशीं झालीं, आणि सुटे भाग मिळविणें उत्तरोत्तर कठीण होत गेलें. कानपूरच्या कारखान्यानें पुढें ‘डॉर्निअर’ नांवाचें लहान विमान बांधिलें. पण ॲव्रोएवढें किंवा त्याहून मोठें वाहतुकीचें विमान बांधण्याची परंपरा तेथें खंडित झाली. ॲव्रोच्या जागीं दुसरें विमान घ्यावें या प्रस्तावास २०१२ सालीं संरक्षण मंत्रालयाच्या मंडळाची संमति मिळाली; प्रत्यक्ष करार होण्यास २०२१ उजाडलें. मधलीं नऊ वर्षें जुन्या विमानांनींच भार वाहिला. म्हाताऱ्या बैलानें औत ओढलें तर आपण त्याचें कौतुक करतों. परंतु घरांत गोऱ्हा कां वाढला नाहीं, हाही प्रश्न घरधन्यानें स्वतःस विचारावयास हवा.

ता. २४ सप्टेंबर २०२१ रोजीं युरोपांतील एअरबस कंपनीशीं ५६ ‘सी-२९५’ विमानांचा सुमारें २१,९३५ कोटि रुपयांचा करार झाला. पुढील आठवड्यांत, ता. ३० सप्टेंबर रोजीं, एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांनीं वायुसेनेच्या प्रमुखपदाचीं सूत्रें घेतलीं. त्यांच्या घराण्याचें मूळ गांव नांदेड जिल्ह्यांतील हदगांव तालुक्यांतलें हस्तरा. ता. १३ सप्टेंबर २०२३ रोजीं स्पेनमधील सेव्हिल शहरीं भारतासाठीं सिद्ध झालेलें पहिलें सी-२९५ त्यांच्याच स्वाधीन करण्यांत आलें, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेस तें दिल्लीजवळील हिंडन तळावर विधिपूर्वक वायुसेनेंत दाखल झालें. ॲव्रोवर टीकाकारांनीं जे आक्षेप घेतले होते त्यांचें निरसन या विमानांत दिसतें. पंख वरच्या अंगास, मागील बाजूस उतरता दरवाजा, सुमारें ९ टन ओझें किंवा ७१ सैनिक वाहण्याची शक्ति, आणि कच्च्या, आखूड धावपट्टीवरून उडण्याची तयारी.

करारांत असें ठरलें कीं, ५६ पैकीं १६ विमानें स्पेनहून तयार यावींत व उरलेलीं ४० भारतांत बांधावींत. त्यासाठीं वडोदरा येथें टाटांनीं उभारलेल्या कारखान्याचें उद्घाटन ता. २८ ऑक्टोबर २०२४ रोजीं झालें. कानपुरास १९६१ सालीं जें आरंभिलें त्याचीच ही पुढील पायरी होय. दोहोंच्या मधला दीर्घ खंड पडला नसता, तर ही पायरी किती आधीं चढतां आली असती, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

विद्यार्थिमित्रहो, कारखाना म्हणजे केवळ यंत्रें व छप्पर नव्हे. यंत्रें विकत मिळतात. पण रिव्हेट नीट बसला कीं नाहीं हें कानानें ओळखणारा कारागीर विकत मिळत नाहीं. तो दुसऱ्या कारागिराच्या हाताखालीं घडतो. एक पिढी काम न मिळतां गेली कीं ती सांखळी तुटते, आणि पुढच्यांस पुन्हां पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागतो. हें आपल्या दारींही लागू आहे. लातूरजवळ हरंगुळ येथें रेल्वेडब्यांचा कारखाना उभा राहिला व डिसेंबर २०२० मध्यें तेथें पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. पहिला सांगाडा होणें ही आनंदाची गोष्ट खरीच. पण कारखान्याचें भाग्य पहिल्या डब्यानें ठरत नाहीं, शंभराव्यानें व हजाराव्यानें ठरतें. नाशिकजवळ ओझर येथें १९६० च्या दशकापासून लढाऊ विमानें बांधलीं जात आहेत व तेथें बापाच्या मागून मुलगा त्याच विद्येंत तयार झालेला दिसतो. मराठवाड्याच्या मुलांस ही विद्या अवघड आहे असें मुळींच नाहीं.

पालकांसही एक विनंति आहे. आपल्या मुलानें वैमानिक व्हावें, अधिकारी व्हावें अशी इच्छा धरणें योग्यच. हस्तऱ्याच्या घराण्यांतील पुरुष वायुसेनेच्या शिखरावर पोंचला हें उदाहरण डोळ्यांपुढें आहेच. परंतु एखाद्या मुलाचा कल पाना, हातोडी, कानस व मोजपट्टी यांकडे दिसला, तर त्यास कमी लेखूं नये. हरजिंदरसिंग हवाई सिपाही म्हणून शिरले तेव्हां त्यांनाही लोकांनीं वेड्यांत काढलें असेल. त्यांच्याच हिंमतीवर कानपूरचें पहिलें विमान उडालें. मुलगी या कामाकडे वळली तर तिचीही वाट अडवूं नये. विमानाच्या पत्र्यास हात स्त्रीचा कीं पुरुषाचा हें कळत नाहीं, तो नेमका आहे कीं नाहीं एवढेंच कळतें.

ॲव्रोचा इतिहास असा दुहेरी आहे. तें फार वेगवान नव्हतें, फार बलवानही नव्हतें. परंतु तें आपल्या हातांनीं घडलेलें, आपल्याच हातांनीं जपलेलें विमान होतें, आणि म्हणूनच साठ वर्षें देशाचा भार वाहून गेलें. त्याच्या सेवेबद्दल आदर बाळगावा, आणि त्याच्या जागीं येणाऱ्यास इतकी वाट पाहावी लागूं नये एवढी काळजी पुढच्या पिढीनें घ्यावी. आज जीं मुलें या शाळेच्या बांकांवर बसून भूमिति सोडवीत आहेत, त्यांतूनच कोणी तरी उद्यां विमानाचा सांगाडा तपासून त्याखालीं आपली सही करील. ती सही निर्धास्तपणें करतां यावी, इतका अभ्यास आजपासून चोख असावा.